कॅप्टनच्या बाजूचं फूल

विमान पडल्याची बातमी आली की लोक अजून माझा पिच्छा सोडत नाहीत. नोकरीतून मोकळा होऊन वर्षं लोटली, पण काळाचौकीत माझी ओळख आहे ती 'विमानातले कासारे' हीच. लग्नाच्या पंगतीत विचारतात, न्हाव्याच्या खुर्चीत विचारतात. एकदा तर मयताला जमलेल्या माणसांत एका गृहस्थांनी माझा कोपरा धरून बाजूला नेलं आणि कानाशी लागून म्हणाले, "कासारे, आपल्यातच ठेवतो, खरं सांगा. पायलटची चूक की मशीनचा बिघाड?"

मी म्हटलं, "दोन्ही."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. लोकांना शिव्या घालायला एक माणूस लागतो, नाही तर हळहळायला एक मशीन. दोन्ही म्हटलं की त्यांना वाटतं, हा आपल्याला उडवून लावतोय. पण देवाशपथ सांगायची सोय मला राहिलेली नाही, म्हणून माझ्या धंद्याशपथ सांगतो: इतकी मोडकी विमानं या हातांनी उघडली, त्यांत एकट्या माणसाने किंवा एकट्या मशीनने पाडलेलं विमान मला फार क्वचित भेटलं. एक विमान माळावर उतरवावं लागलं, इंजिन बंद पडलं म्हणून. पेट्रोल होतं, पण दुसऱ्या टाकीत. पहिल्या टाकीचा काटा अडकून अर्ध्यावर बसला होता, हा बिघाड. आणि एवढा वेळ उडूनही काटा जागचा कसा हलत नाही, याचं वैमानिकाला नवल वाटलं नाही, ही चूक. दोहोंतलं एकच असतं, तर मंडळी घरी जाऊन जेवली असती.

माझं काम काट्यांचं. विमानात वैमानिकासमोर ज्या तबकड्या असतात, किती उंच आहोत, किती वेगाने चाललोत, सरळ आहोत की कलंडलोत हे सांगणाऱ्या, ती सगळी यंत्रं तपासायची, दुरुस्त करायची. आमच्या वर्कशॉपला मी काट्यांचा दवाखाना म्हणायचो. मी त्यात हुशार होतो आणि ते मला चांगलं ठाऊकही होतं. विनय वगैरे वरिष्ठांसाठी राखून ठेवला होता.

आता जी हकीकत सांगतो ती संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या भागात तेव्हा सकाळ घोषणेने उगवायची आणि संध्याकाळ सभेने मावळायची. सांताक्रूझच्या हॅंगरमध्येसुद्धा तेच. हॅंगर म्हणजे विमानांची भली मोठी पडवी. तिथे चहा उशिरा आला तरी पोरं ओरडायची, "चहा झालाच पाहिजे!"

भिकाजी परब हा माझा त्या हॅंगरमधला दोस्त. लालबागचा, मूळ मालवणचा. बाप गिरणीत, भाऊ गिरणीत, हा एकटाच विमानाकडे वळलेला. विमान बाहेरून तपासणं, पुसणं, चाकं, पंख, नळ्या बघणं हे त्याचं काम. गडी विमानाशी बोलायचा. चाकात हवा भरताना "जेव बाय, पोटभर जेव" म्हणायचा. आमची दोस्ती डब्यावरची. त्याच्या घरचा सुकट घातलेला भात आणि माझ्या आयेची चटणी, दोन्ही डबे एकाच फळकुटावर उघडायचे.

खंडेनवमीला हॅंगरमध्ये थाट असायचा. जो ज्या हत्यारावर जगतो त्याने त्या दिवशी त्याची पूजा करायची, ही आपली रीत. सुतार रंधा पुजतो, शिंपी मशीन पुजतो. आम्ही विमानं पुजायचो. पंख्याला हळदकुंकू, चाकाखाली नारळ, नाकाला झेंडूचे हार. त्याआधीच्या वर्षी आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. घरातले देव आयेने स्वतःच्या हाताने काढले होते. त्यामुळे त्या खंडेनवमीला मी लांब पेटाऱ्यावर बसून नुसता बघत होतो. परबाने हाक मारली.

"कासारे, तू हात लावू नको, पण बघ तरी! कसा नवऱ्यावाणी दिसता बघ विमान!"

दिसत होतं खरंच. खोटं कशाला बोलू? डाकोटा विमानाच्या नाकाखाली दोन नळ्या पुढे तोंड करून असतात, दोन्ही वैमानिकांच्या वेगाच्या काट्यांना वारा पोचवणाऱ्या, एक डावी, एक उजवी. परबाने दोन्हींवर हार टाकले. मग एक टपोरं फूल उचललं, हळदकुंकवाचं ओलं बोट लावलं, आणि डाव्या नळीच्या तोंडात ते खोवलं. बायका अंबाड्यात खोवतात तसं.

"एकाच बाजूला का रे?" मी लांबूनच विचारलं.

"ही कॅप्टनची बाजू. तेचो मान नको?"

मी हसलो. एवढंच. त्या नळ्या परब रोज तपासणार, उद्या काढील, असं मी धरून चाललो आणि परबाने सकाळी खरोखरच सगळे हार काढले, ते फूलही ओढून काढलं. नळीच्या आत काही राहिलं असेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी ते विमान उतारू घेऊन निघालं. कॅप्टन वर्तक, दादरचे, उंचेपुरे, कडक इस्त्रीचे. शेजारी सहवैमानिक आपटे, फणसवाडीतला, नुकताच लागलेला. ऑक्टोबरचं ऊन तापून दुपारी एक काळा ढग वर आला होता. विमान त्यात शिरलं, पावसाने झोडपलं, आणि थोड्याच वेळात ते हेलपाटत खाली आलं आणि शिवडीच्या खाजणात, चिखलात पोटावर आपटलं.

नशीब बघा, ओहोटी होती. चिखल गुडघ्याच्या वर होता. विमान मोडलं, पण पेटलं नाही. रे रोडच्या लाकडाच्या वखारीतले हमाल फळ्या घेऊन धावले, चिखलावर फळीपुढे फळी टाकत त्यांनी वाट केली आणि काळाचौकीतली, शिवडीतली पोरं त्या फळ्यांवरून उतारूंना पाठंगुळीला घेऊन काठावर आणत राहिली. दसऱ्याचे नवे कपडे चिखलात गेले, कुणाला पर्वा नव्हती. सगळी माणसं जिवंत निघाली. कुणाचा हात मोडला, कुणाच्या बरगड्या. एका बाईंचा पाय मात्र कायमचा अधू झाला. पुढे कितीतरी वर्षं त्या मला दादरच्या बाजारात काठी टेकत चालताना दिसायच्या. मी त्यांना कधी ओळख दिली नाही, आणि ते मला अजून खुपतं.

मोडलेलं विमान तुकड्या-तुकड्यांनी रे रोडच्या एका रिकाम्या गोदामात आणून ठेवलं. चौकशी बसली. चौकशीचे तांत्रिक प्रमुख पिंटो साहेब, गिरगावातले, खोताच्या वाडीत वाढलेले. त्यांनी मला हाताखाली मागून घेतलं. माणूस बुद्धीने तल्लख. त्यांच्यासमोर मला माझी हुशारी मिरवता यायची नाही, म्हणून मला ते फार आवडायचे.

पहिल्याच दिवशी गोदामात दोन तट पडले. कंपनीच्या वरच्या मंडळींना हवी होती पायलटची चूक. तेवढं ठरलं की एक माणूस काढायचा आणि बाकीची विमानं उद्या सकाळी उडवायची. वैमानिकांना हवा होता मशीनचा बिघाड. आणि मध्ये सापडले होते कॅप्टन वर्तक. हात गळ्यात बांधलेला, चेहरा उतरलेला. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. "विमान चढत होतं. ढगात माझ्या काट्यावर वेग वाढत चालला होता. फार वाढला. म्हणून मी वेग कमी करायला नाक वर घेतलं. तरी वाढतच गेला. विमान थरथरायला लागलं. मला वाटलं अतिवेगाने थरथरतंय, म्हणून मी इंजिनं कमी केली."

हे ऐकून कंपनीचा एक मोठा अधिकारी उघड हसला. "नाक वर, इंजिन कमी, आणि वेग वाढतोय! डोंगर चढताना बैलगाडी पळत सुटली म्हणा की!"

चुकीचा ठपका बसला असता तर वर्तक पुन्हा कधी विमानात बसू शकले नसते. त्यांना दुसरं काही येतही नव्हतं. ते मला गोदामाच्या दारात म्हणाले, "कासारे, मी खोटं बोलत नाहीये हो. मला दुसरं काही नको. मी जे बघितलं ते मी बघितलं, एवढं कोणीतरी सिद्ध करा."

मी आणि पिंटो साहेबांनी त्या दोन्ही नळ्या मिळून उघडल्या. असं काम कधी एकट्याने करायचं नसतं, दोघांच्या डोळ्यांसमोरच करायचं. उजवी नळी स्वच्छ निघाली, आतून लखलखीत. डाव्या नळीत खोल एक घट्ट बूच बसलेलं. चिमट्याने ओढलं तर हातात आला पिवळा-तांबडा लगदा. पाकळ्या आणि हळदकुंकू. पाणी बाहेर जायचं बारीक भोक असतं, तेही त्यानेच बुजलेलं.

पिंटो साहेबांनी तो लगदा नाकाशी नेला. "झेंडू," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "तुला माहितीये हे कुठून आलं."

माहिती होतं. हे बाहेर पडलं की वर्तकांचं खरं ठरत होतं, आणि परबाची नोकरी जात होती. लालबागच्या त्या खोलीत त्याच्या एकट्याच्या पगारावर म्हातारी, बायको आणि तीन पोरं. गिरणीतले बाप-भाऊ संपात घरी बसलेले. आणि वर आणखी एक गोष्ट. सगळ्या हॅंगरमध्ये हे सांगणारा कोण? तर मी. देव सोडलेला. लोक काय म्हणतील ते मला तोंडपाठ होतं.

"साहेब, आधी मी त्याला सांगतो," मी म्हटलं. "त्याला तुमच्या तोंडून कळायला नको."

"सांग. पण मॅन, हे मी लपवणार नाही."

"मी तरी कुठे लपवा म्हणतोय?"

परब जेवायच्या सुट्टीत फळकुटावर डबा उघडून माझी वाट बघत होता. मी उभ्यानेच सांगून टाकलं. तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून थांबला.

"माझ्या फुलान इमान पडला म्हणतंस?"

"एकट्या फुलाने नाही. पण फुलापासून सुरू झालं."

तो ताडकन उठला. "देव सोडलंस तो सोडलंस, आता आमच्या पूजेत खोट काढूक लागलंस? इतकी वर्सा पूजा करतंय, कधी काय झाला नाय. या वर्षी तू लांब बसलंस, आणि या वर्षीच झाला!"

आजूबाजूची माणसं बघायला लागली. मला संताप आला, खूप आला. तोंडात आलेली शिवी मी गिळली आणि त्याला म्हटलं, "मी सांगतोय म्हणून मानू नको. माझ्या वर्कशॉपमध्ये ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग मला काय बोलायचं ते बोल."

तो डबा तसाच टाकून निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी आला. तोंड फुगवून दारात उभा राहिला.

आमच्याकडे काटे तपासायला काचेची मोठी हंडी होती, खाली तोंड केलेली. तिच्यात यंत्र ठेवायचं आणि हातपंपाने आतली हवा काढायची, म्हणजे यंत्राला वाटतं आपण उंच चाललोय. आता वेगाचा काटा कसा चालतो ते सांगतो, सोपं आहे. नाकाखालच्या नळीत समोरून वारा घुसतो, त्याचा एक दाब. बाजूच्या शांत हवेचा दुसरा दाब. दोहोंत जितका फरक, तितका वेग. बस. वारा जोरात घुसला की फरक वाढतो, काटा वर जातो. त्या यंत्राला वेग दिसत नाही, त्याला फक्त हा फरक कळतो.

मी यंत्राला ती डावी नळी जोडली आणि तिचं तोंड परबाला बोटाने बंद करायला लावलं. "हे तुझं फूल," मी म्हटलं. "कोरडं होतं तोवर हवा जात होती, काटा बरोबर होता. ढगात पाऊस लागला, लगदा झाला, नळी बंद झाली. जमिनीजवळची दाट हवा आत कोंडली." मग तोंड आणि ते बारीक भोक मेणाने बुजवून सगळं हंडीत ठेवलं आणि पंपाचा दांडा परबाच्या हातात दिला. "चढव विमान."

तो पंप मारायला लागला. हंडीतली हवा विरळ झाली. नळीतली कोंडलेली हवा तशीच दाट. दोहोंत फरक वाढला आणि हंडीत निश्चल बसलेल्या त्या यंत्राचा काटा हळूहळू वर चढायला लागला. परब पंप मारतोय आणि काटा चढतोय. विमान नाही, वारा नाही, आणि वेग वाढतोय!

परबाचा हात थांबला.

"म्हणजे ह्यो काटो खोटा बोललो," तो हळूच म्हणाला. "आणि कॅप्टनान तेका खरा मानलान."

"हो. वेग खरा कमी होत होता. त्यांनी नाक वर घेतलं, तो आणखी कमी झाला. वेग संपत आला की विमान थरथरतं आणि पडतं. त्यांना वाटलं ते वेग जास्त झाल्याने."

"माझ्या फुलामुळा."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही.

सुनावणी गोदामातच झाली, मोडक्या विमानासमोर. अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायमूर्ती होते, बोलायला कमी आणि ऐकायला तिखट. त्या दिवशी काळाचौकीकडून मोर्चा निघाला होता, घोषणा गोदामाच्या पत्र्यावर आदळत होत्या. मी टेबलावर हंडी मांडली. पंप मारायला कोण, असं न्यायमूर्तींनी विचारलं, तर मागून परब पुढे आला. मी त्याला बोलावलं नव्हतं.

त्याने पंप मारला. काटा चढला. न्यायमूर्ती खुर्चीवरून उठून हंडीजवळ आले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "पुन्हा करा," म्हणाले. परबाने पुन्हा केलं. बैलगाडीवाले अधिकारी आपल्या बुटांकडे बघत होते. कॅप्टन वर्तक खुर्चीत सरळ बसले आणि त्यांनी डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. बाहेर मोर्चा ओरडत होता, "झालाच पाहिजे!" मला तर वाटलं आमच्यासाठीच ओरडतायत.

वैमानिकांच्या बाजूचे लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते. बिघाड सिद्ध! तेवढ्यात पिंटो साहेब उभे राहिले.

"थांबा. हे अर्धंच झालं. उजवी नळी स्वच्छ होती. उजवीकडच्या काट्यावर खरा वेग दिसत होता. दोन काटे दोन गोष्टी सांगत होते, आणि त्या बाजूला एक माणूस बसला होता."

सगळ्यांच्या माना आपट्याकडे वळल्या. पोरगा पांढराफटक पडला. बोलला नसता तरी कुणी त्याला पकडू शकलं नसतं. काटे मोडले होते, त्यावेळी काय दिसत होतं ते त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तो उठला आणि खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा राहिला.

"मी बघितलं होतं," तो म्हणाला. "माझा काटा खाली येत होता. मला वाटलं माझाच खराब असेल. आणि... कॅप्टनसाहेबांना कसं सांगायचं? ते एवढे मोठे. मी तोंड उघडलं नाही."

वर्तक त्याच्याकडे वळले. मग ते स्वतःच उठले. "त्याने सांगितलं असतं, तरी मी ऐकलं असतं का?" ते म्हणाले. "मी त्याला पहिल्याच दिवशी दम दिला होता, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. तीही माझीच शिस्त. आणि नाक वर असताना वेग वाढत नसतो, हे मला कळायला हवं होतं. मी काट्याकडे बघितलं, विमानाकडे बघितलं नाही."

न्यायमूर्तींनी विचारलं, "आणि फूल?"

मी बोलायला तोंड उघडलं. परबाने मला हाताने मागे सारलं.

"ता फूल माझा, साहेब," तो म्हणाला, पंपाचा दांडा अजून हातात. "मीच घातलंय. कॅप्टनचो मान म्हणान घातलंय."

कुणी हसलं नाही. मला त्या क्षणी लख्ख दिसलं. एकाने मान म्हणून फूल खोवलं, दुसऱ्याने मान म्हणून तोंड मिटलं, आणि तिसऱ्याने आपला मान सांभाळला. वाईट कुणीच काही केलं नव्हतं. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि विमान चिखलात गेलं. मी हे न्यायमूर्तींना असंच सांगितलं, आवाज चढवून, बाहेरच्या मोर्च्यावर मात करत. गप्प बसणं मला कधी जमलंच नाही.

"मग मी कारण काय लिहू?" न्यायमूर्ती म्हणाले. "वरून मला एकच कारण विचारतायत."

पिंटो साहेब म्हणाले, "सर, तिन्ही लिहा. एकच लिहिलंत तर उरलेली दोन पुढच्या विमानात बसून जातील."

त्यांनी तिन्ही लिहिली. अगदी तिन्ही! वर्तकांना काही महिने जमिनीवर बसवलं आणि मग परत विमान दिलं. परबाला सक्त ताकीद मिळाली, नोकरी राहिली. ती बातमी मी धावत लालबागला नेऊन पोचवली. त्याची म्हातारी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडत राहिली, आणि परब आत जाऊन सुकट भाजायला बसला, कारण त्याला रडू लपवायचं होतं. दुसऱ्या दिवशी दोन डबे परत एका फळकुटावर.

आणि नियम बदलले. उभ्या विमानाच्या नळ्यांवर लाल कापडी टोपी घालायची. उडण्याआधी एकाने ती काढायची, दुसऱ्याने नळीत डोळा लावून बघायचं. विमानात दोघांनी आपापला वेग मोठ्याने बोलायचा. वेगळा आला तर धाकट्याने लगेच सांगायचं आणि थोरल्याने ऐकायचं. हा शेवटचा नियम नव्या पोरांना शिकवायचं काम वर्तकांनी स्वतः मागून घेतलं. ऐकलंय की ते पहिल्याच तासाला विचारायचे, "माझं चुकतंय असं दिसलं तर काय कराल?" आणि जो गप्प बसेल त्याला वर्गाबाहेर काढायचे.

खंडेनवमी बंद झाली नाही. पण हार आता शिडीला आणि हॅंगरच्या दाराला. विमानाला नाही. तेवढी एक चुटपुट मला आहे. नवऱ्यासारखं सजलेलं विमान पुन्हा दिसलं नाही.

पुढे राज्य झालं. मुंबईसकट झालं. त्यानंतरची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. दसरा होता, धम्मदीक्षेचा दिवस. आयेला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं आणि मी तिला विमानाने नेणार होतो. नोकरमाणसाच्या घरच्यांना पास मिळायचा. आये पांढरं लुगडं नेसून, हातात पिशवी घट्ट धरून, खिडकीशी बसली. पुढच्या खोलीचं दार उघडंच होतं. कॅप्टनच्या जागी आपटे. हो, तोच. आता कॅप्टन. शेजारी एक नवा पोरगा.

विमान चढलं आणि परत तसाच एक ढग. पाऊस काचेवर. मी कान टवकारून बसलो होतो, सवयच लागली होती. तेवढ्यात आत त्या पोराचा आवाज आला, घाबरलेला, पण मोठा. "सर, माझा वेग वेगळा आहे. कमी आहे."

मी आयेचा हात धरला.

"शाब्बास," आपट्याचा आवाज आला, अगदी शांत. "तुझा मोठ्याने बोलत राहा. माझा काटा सोड. नाक सपाट, इंजिन आहे तसं. परत चाललोय."

पोरगा आकडे बोलत राहिला, आपटे हूं हूं करत राहिला, आणि विमान एखाद्या समंजस म्हशीसारखं वळून, ढगाबाहेर येऊन, सांताक्रूझला अलगद टेकलं. वायरलेसवर निरोप आधीच गेला होता, दार उघडलं तेव्हा परब शिडी घेऊन धावत येत होता. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. खंडेनवमी कालच झाली होती. तो शिडीवर चढला, डाव्या नळीत चिमटा घातला, आणि मी खाली शिडी धरून उभा.

चिमट्याला काहीतरी आलं. त्याने ते बोटांत कुस्करलं, वास घेतला, आणि शिडीवरून अख्ख्या विमानतळाला ऐकू जाईल असं ओरडला, "फूल नाय रे कासारे! माती! माती हा, माती! कुंभारणीन घर केलान!"

कुंभारीण माशी, भिंतीवर चिखलाची घरं बांधणारी. बाहेरगावी मुक्कामाला असताना कुणी टोपी घालायचं विसरलं असणार, आणि निघताना नळीत डोळा लावणाऱ्यानेही घाई केली असणार. माती कोरडी होती तोवर हवा गेली, पाऊस लागताच नळी बुजली. तोच बिघाड. फक्त या खेपेला माणसं गप्प बसली नव्हती. परब खाली उडी मारून माझ्या गळ्यात पडला, मातीच्या हातांनी माझा पांढरा सदरा रंगवला, आणि आम्ही दोघं भर धावपट्टीवर गाढवासारखे हसत-रडत राहिलो. आपटे त्या नव्या पोराचा खांदा थोपटत खाली उतरला, त्याला पुढे ढकलून मला म्हणाला, "हा बघा, बोलला!"

आये विमानाच्या दारात उभी राहून हा सगळा तमाशा बघत होती. तिने मला वरून हाक मारली.

"काय रे, काय झालं?"

"नळीत माती गेली होती, आये. काढली."

"काढली ना? मग चला की," ती म्हणाली. "तिकडं लोक थांबल्याती."

परबाने नळीत डोळा लावून बघितलं, मग मला बघायला लावलं. आरपार उजेड दिसत होता. आम्ही परत चढलो आणि नागपूरला गेलो.